कागदाचा बोळा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मी कसला माणूस, ते वाशीत कुणालाही विचारा — खाडीतल्या माशाने मला नावाने हाक मारली, असंही सांगून झालंय माझं, आणि लोकांनी चहा पाजून ऐकलंय. पण हे मात्र — नाही.

आमचा कॉम्प्युटर क्लब म्हणजे काय, तर सोसायटीच्या तळमजल्यावरची खोली, एक टीव्ही आणि त्याला जोडलेलं चपट्या डब्याएवढं मशीन. प्रोग्राम गाण्याच्या साध्या कॅसेटवर ठेवायचे. टेप लावली की नुसती किरकिर. ती मशीनला कळायची, आपल्याला नाही.

एका रविवारी शेजारच्या बिल्डिंगमधले कांबळेकाका आले. काकू नुकत्याच गेलेल्या. हातात कॅसेट. नवा टेपरेकॉर्डर तपासताना काकूंचा आवाज त्यात आला होता — ‘अहो, चहा टाकू का?’ बस, तेवढाच. ऐकून ऐकून टेप झिजत चाललेली. मशीन कॉपी करेल का? मी छाती फुगवून म्हणालो, काका, हे मशीन मेलेल्याला बोलतं करेल, आणि कॅसेट ठेवून घेतली.

पुढच्या रविवारी मला मशीनवर लिहिलेला माझा सापाचा खेळ सगळ्यांना दाखवायचा होता. कोरी कॅसेट नव्हती. काकांच्या कॅसेटची पाठची पट्टी मोडलेली — वर दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतः मोडलेली. मला हे कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. मी तिथे कागदाचा बोळा कोंबला, की टेप पुन्हा भरता येते. टेप काकूंच्या वाक्यापुढे नेण्याचाही कंटाळा केला — आणि बटण दाबलं.

काका आले. मी तीच किरकिर लावली. म्हणालो, आवाज काकूंचाच, फक्त मशीनच्या भाषेत गेलाय.

काकांनी कान लावला. “घसा बसलाय हिचा,” म्हणाले. हसलं कुणीच नाही.

मग ते दर रविवारी ती कॅसेट घेऊन यायचे आणि ऐकत बसायचे. एका दुपारी किरकिर चालू असतानाच मान वर करून म्हणाले, “टाक. अर्धाच.”

आणि त्याच्या आधी — यात तिखटमीठ नाही — प्रश्न मलाही ऐकू आला होता.

पुढे काकाही वारले. त्यांच्या मुलीने कॅसेट आणून दिली. “दादा, बाबा म्हणायचे, ही तुमची.”

डबी घरी उघडली. बोळा कॅसेटमध्ये नव्हता. उलगडून, नीट घडी घालून, डबीत ठेवलेला होता.