सरांच्या घरच्या पोरी

रिंकू, फुलवंता आणि मी, आम्ही तिघी भेटलो की आधीच ठरवतो, आज सरांचा विषय काढायचा नाही. हा निश्चय चहा येईपर्यंत टिकतो. मग कुणीतरी म्हणतं, "ते आठवते का वो?" आणि चहा गार होतो. किस्से जमवायला वेगळं काही करावं लागत नाही. एका माणसाच्या घरी काही वर्षं काढावी लागतात, बस.

हे सर म्हणजे गोंदियाला लागून कुडव्यात राहणारे धावण्याचे कोच. गावोगावच्या स्पर्धांतून पळणाऱ्या पोरी हेरायचे आणि स्वतःच्या घरी ठेवून तयार करायचे. वरच्या मजल्यावर आम्ही पोरी. खाली सर, त्यांचा पोरगा आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या मॅडम. बाहेर अकॅडमीचा बोर्ड. सर शिकवायचे मात्र चांगलं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही विचाराल, मग राहिल्या कशाला?

०००

मी दवनीवाड्याची. तालुक्याच्या स्पर्धेत मी पहिली आले आणि सर थेट आमच्या घरी आले. पोटभर जेवले. हात धुता धुता बाबांना म्हणाले, "पोरगी मला द्या. एक रुपया घेणार नाही. फी घेणं माझ्या तत्त्वात बसत नाही."

बाबांना इतकं भरून आलं की माझ्या पेटीसोबत त्यांनी तांदळाचं पोतंही गाडीत चढवलं. सरांच्या तत्त्वाची तांदळाला हरकत नव्हती.

मग दर हंगामात सरांचा फोन यायला लागला. "पोरीला तुमच्या घरचाच भात मानवतो बरं." पोतं जायचं. पुढं पोरीला डाळही घरचीच मानवायला लागली. त्यानंतर गावठी कोंबडी. ती कोंबडी मला मानवली की नाही ते मला कळलंच नाही, कारण ती वरच्या मजल्यापर्यंत कधी आली नाही.

शेवटी आई बाबांना म्हणाली, "फी देऊन टाका जी. स्वस्त पडन."

०००

रिंकू गोंदिया शहरातली. तिची आई कचोरी-समोशाचा ठेला लावायची. घरात हिंदी, आणि तोंडाला लगाम कोणत्याच भाषेत नाही.

एका राइस मिलवाल्या शेठनं आमच्या खुराकाचा खर्च उचलला होता. अंडी, दूध, केळी, बदाम. बदाम आम्ही पाहिलेत. सरांचा पोरगा बारावीला होता, तो अभ्यास करता करता खायचा.

एकदा शेठ पोरींना भेटायला आले. त्या दिवशी प्रत्येकीच्या ताटात उकडलेली अंडी. शेठनी प्रेमानं रिंकूला विचारलं, "कितने अंडे खाती हो बेटा?"

रिंकू म्हणाली, "आप आते हो उस दिन दो."

शेठ हसले. सर त्यांच्याहून जोरात हसले. "बडी मजाकिया बच्ची है."

पण शेठ काही दुधखुळे नव्हते. पुढच्या आठवड्यात ते न सांगता आले. मग अधूनमधून तसेच यायला लागले. त्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला की मॅडम आधी गॅस पेटवायच्या आणि मग दार उघडायच्या.

०००

पावसाळ्यात मैदानावर चिखल. मग सरांनी नवीन ट्रेनिंग काढलं. सगळ्या पोरींना ते आपल्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातशेतात, घेऊन गेले आणि म्हणाले, "रोवणी करा. कंबर मजबूत होते, पायाला ग्रिप येते."

मला आणि फुलवंताला रोवणी काही नवीन नव्हती. जन्मल्यापासून तेच केलं होतं. रिंकू मात्र रोपांची मुळं वर ठेवून पानं चिखलात रोवत होती. सर बांधावर छत्री धरून उभे. हातात स्टॉपवॉच.

दुसऱ्या वर्षी शेजारचा शेतकरी बांधावर आला. मजूर मिळत नव्हते. त्यानं सरांना विचारलं, "सर, तुमची टीम आमच्या बांधीत पिरॅक्टिस करन का? मजुरी देतो."

सरांनी क्षणभर विचार केला आणि आम्हाला तिकडं नेलं. मजुरी त्यांच्याच खिशात गेली, कारण ट्रेनिंगचे पैसे घेतले तर आम्ही म्हणे प्रोफेशनल झालो असतो.

गुडघाभर चिखलात उभी राहून रिंकू म्हणाली, "चलो, होम ग्राउंड हो गया. अब अवे मॅच."

०००

आता फुलवंता. ही इटियाडोह धरणाच्या पलीकडच्या जंगलातली, गोंड घरची. बाप जंगलखात्याच्या कामावर मजुरीला जायचा, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायचा. फुलवंता बोलायची कमी आणि पळायची अशी की तिच्यासोबत शर्यतीत उतरलं की आपण दुसऱ्या नंबरसाठीच पळतोय हे आपल्याला माहीत असायचं.

दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगावी मंडई भरते. नाटक, दंडारीचा नाच, मिठाईची दुकानं, आणि हल्ली पोरींच्या शर्यतीही. बक्षिसं घरगुती वस्तूंची. आम्ही जिंकायचो आणि वस्तू सरांच्या घरी जायच्या. मॅडमच्या स्वयंपाकघरात आमचे सगळे निकाल मांडून ठेवलेले होते. मिक्सर म्हणजे फुलवंता, इस्त्री म्हणजे मी.

एका मंडईला निघताना मॅडमनी बक्षिसं विचारून घेतली. पहिलं कूलर, दुसरं भिंतीवरचं घड्याळ, तिसरं कुकर. मॅडम फुलवंताला म्हणाल्या, "कूलर आपल्याकडं आहे. कुकर खराब झाला. तू आज तिसरी ये."

आम्हाला वाटलं गंमत करताहेत. गंमत नव्हती.

शर्यत सुटली. फुलवंता सवयीनं पुढं गेली, मग तिला आठवलं आणि ती हळू झाली. एकीला जाऊ दिलं, दुसरीला जाऊ दिलं. शेवटची दोरी अगदी जवळ आली तेव्हा मागून तिसरी एक कुणीतरी जीव खाऊन आली आणि तिच्या बाजूनं निघून गेली. फुलवंता चौथी. चौथ्याला नुसत्या टाळ्या.

मॅडम भडकल्या. फुलवंता शांतपणे म्हणाली, "मोजण्यात गलती झाली मॅडम. एक पोट्टी जास्तच पुढं गेली."

आम्ही जीपमध्ये तोंडात ओढणी कोंबून हसत होतो. फुलवंता हसली नाही. ती खिडकीबाहेर पाहत होती. मग मला म्हणाली, "हारणं लय कठीण हाये वो. पाय आयकतच नोहते."

ते मात्र आम्ही आजही हसत सांगत नाही.

०००

आम्हाला सरकारची खेळाडू म्हणून स्कॉलरशिप मिळायची. खाती आमच्या नावाची, मोबाइल नंबर सरांचा, एटीएम कार्डंही सरांकडंच. पैसे जमा झाले की मैदानावर त्यांचा फोन टिंग वाजायचा आणि सर त्या दिवशी एक राउंड माफ करायचे. एवढा आमचा हिस्सा.

एका खेपेला सगळ्यांचे मेसेज आले, रिंकूचा आला नाही. सर दोन दिवस फोन उलटापालटा करत होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "रिंकू, तुझे पैसे आले नाहीत का?"

"आये ना सर," रिंकू म्हणाली. "बस शोर नहीं मचाया."

तिच्या आईनं ठेला बंद ठेवून, लेकीला सोबत घेऊन बँक गाठली होती आणि जुनं कार्ड बंद करून खात्यावर आपला नंबर टाकून घेतला होता. सरांनी त्याच आठवड्यात रिंकूला घरी पाठवलं. कारण सांगितलं, शिस्त. तिचं पळणं तिथंच थांबलं. आता तिचं मोबाइलचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकाला ती पहिल्यांदा विचारते, "बँक में नंबर किसका है?"

०००

आणि मग फुलवंताचं सिलेक्शन झालं. बाहेरच्या मोठ्या सरकारी केंद्रात राहणं, जेवण, ट्रेनिंग, वर महिन्याला पैसे. जायच्या वेळी तिचे सगळे मूळ कागद हवे होते. दाखला, सर्टिफिकेटं, सगळं सरांच्या कपाटात. सर म्हणाले, "देतो ना. पण महिन्याचे अर्धे पैसे इकडं पाठवायचे. गुरुदक्षिणा समज. बापाला बोलाव, तसं लिहून त्याची सही लागेल."

फुलवंता एवढंच म्हणाली, "बा येऊन राहिला."

बाप यायच्या दिवशीच सरांनी सत्कार ठेवला. हॉल घेतला, शेठना पाहुणे म्हणून बोलावलं. फुलवंताचा बाप सकाळच्या बसनं आला. धुतलेला शर्ट, खांद्यावर दुपट्टा. त्याला पहिल्या रांगेत बसवलं.

सरांचं भाषण रंगलं. "लोक म्हणतात फुलवंता माझी विद्यार्थिनी. मी म्हणतो, ती माझी पोरगी आहे. जन्म कुणी दिला ते सोडा. तिचा बाप मी आहे." टाळ्या पडल्या. मॅडमनी डोळे पुसले. मग सरांनी मोठ्या मनानं माइक फुलवंताच्या बापाकडं दिला. "दोन शब्द बोला."

तो उठला. माइक कसा धरायचा ते शेठनी दाखवलं.

"मले भाषण येत नाही," तो म्हणाला. "सर म्हणले पोरगी त्यायची हाये. चांगली गोष्ट हाये. आमच्याकडं असं कोणी म्हणलं तं चार लोकायसमोर पुसून घेतेत. म्हणून पुसतो. सरले एक पोरगा हाये. आता पोरगीबी झाली. तं जायदादीत हिचा हिस्सा कितीक?"

मागं कुणाला तरी खोकला आला.

सर हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "अहो, पोरगी म्हणजे मनानं मानलेली."

"असं काय," तो म्हणाला. "मंग मनात ठेवा. कपाटात तिचे कागद हायेत, तेवढे देऊन टाका."

पहिल्यांदा शेठ हसले. मग अख्खा हॉल. सर हसले नाहीत आणि फुलवंताचा बापही नाही. तो माइक धरून तसाच उभा होता, उत्तर येईपर्यंत बसायचं नसतं असं कुणीतरी सांगितल्यासारखा. शेवटी मॅडमच उठल्या, गाडीवर घरी गेल्या आणि नाश्ता वाटून व्हायच्या आत कागदांची पिशवी घेऊन आल्या. सहीचं कुणी नाव काढलं नाही.

मी त्या दोघांना बसस्टँडपर्यंत सोडायला गेले. पिशवी छातीशी धरून फुलवंता चालत होती. स्टँड जवळ आल्यावर तिनं विचारलं, "बा, तू खरंच हिस्सा मांगून राहिला होता का?"

बापानं दुपट्टा झटकून दुसऱ्या खांद्यावर टाकला.

"देला असता तं घेतला असता."