मल्लय्याअण्णांचा एक प्रश्न

मल्लय्याअण्णा कबड्डीची मॅच टीव्हीचा आवाज बंद करून बघायचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमच्या टॉवेलच्या कारखान्यात पस्तीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात काढल्यावर त्यांचे कान गेले होते. मी तिथलाच कारकून. काचेच्या दाराआड बसणारा, म्हणून माझे कान शाबूत. "समालोचन कशाला पायजे, सायेब? पाय बगायचं. कबड्डी पायात असती," हे ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे.

त्यांचा एक लाडका चढाईपटू होता. त्याचं नाव ते घेत नसत, नुसतं 'आपला' म्हणत. आपल्यानं आज सात गुण घेतले, आपल्याला आज बाहेर बसवलं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आपला पुन्हा मैदानात उतरला, तेव्हा अण्णांनी मागामागावर जाऊन पेढे वाटले. एवढे तर स्वतःच्या लग्नातही वाटले नसतील, अशी मी त्यांची थट्टा केली होती. त्या पेढ्यांमागचं कारण मला पुढं कळलं.

त्यांची मुलगी पद्मा. राज्याच्या कबड्डी संघात निवड झाली आणि सरावातच तिचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी खेळ विसरायला सांगितलं. पोरगी आईशेजारी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसली ती बसलीच. अण्णा तिला रोज आपल्याचा दाखला द्यायचे. शेवटी कंटाळून ती बापाला म्हणाली, "त्येंचं येगळं असतंय, नायना. येकदा त्येनलाच इचारून या की." बापानं ते मनावर घेतलं. आता असा माणूस मागावरच्या कामगाराला भेटणार कुठं?

पण भेटला. कारखान्यातल्या एकाच्या मुलीचं लग्न मोहोळला होतं. आम्ही दोघं माझ्या मोटारसायकलवर गेलो. मानाची टॉवेल-टोपी झाली. अण्णांनी सवयीप्रमाणे टॉवेलचा काठ चिमटीत धरून पाहिला आणि आपल्याच कारखान्याचा आहे असं जाहीर केलं. परतताना हायवेवर चहाला थांबलो, तर तिथं एका कबड्डी संघाची बस चाक बदलत उभी. आणि हॉटेलात कोपऱ्यात, एक पाय खुर्चीवर ठेवून, आपला.

अण्णांनी पुढं होऊन तो मानाचा टॉवेल त्याच्या गळ्यात घातला. तो भला पोरगा टेबलाला धरून उठला आणि त्यांच्या पाया पडला. मग अण्णांनी अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "माज्या पोरीचा गुडगा तुमच्यावानीच गेलाय. ती परत खेळंल का?"

ऑपरेशन कधी झालं, पुढचे उपचार कुठं, हे त्यानं माझ्याकडून समजून घेतलं. मग अण्णांकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "काका, माझ्यामागं संघाचे डॉक्टर होते, म्हणून आलो. तरी जिना उतरताना डोळ्यांत पाणी येतं. हा माझा शेवटचा हंगाम. तिला सोडून द्यायला सांगा." बाहेरून हाक आली आणि तो लंगडतच बसकडे गेला.

"काय म्हनला?" अण्णांनी मला विचारलं. त्यांचा चेहरा बघून खरं सांगायला माझी जीभ वळेना. व्यायाम सोडू नको म्हणाला, नक्की परत येशील म्हणाला, असं मी ठोकून दिलं. अण्णांनी मान हलवली.

सोलापूर जवळ आल्यावर त्यांनी पाठीवर थाप मारून गाडी थांबवायला लावली. समोर येऊन उभे राहिले. "सायेब, मागावर कुनाला काय ऐकू येतंय? आमी व्हटं बगूनच बोलतो. तो काय म्हनला ते मला समजलं की. तुमाला इचारलं ते, माजं चुकलं असंल तर बरं, म्हनून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तेच म्हणाले, "आता घरी चला. तुमी मला सांगितलं तेच तिला सांगा."

मी सांगितलं. पद्मानं मांडीवरचं सूप खाली ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून बापलेक पहाटे मैदानावर. दीड वर्ष तिनं स्वतःला पिळून काढलं. मग एका निवड चाचणीत पहिल्याच चढाईला गुडघा पुन्हा गेला, तो कायमचा. आता ती चालतानाही पाय ओढते.

सगळं माहीत असून पोरीला मैदानावर का पळवलंत, असं मी एकदा रागानं अण्णांना विचारलं. तो राग खरं तर माझा माझ्यावरच होता. ते म्हणाले, "दीड वरीस ती हासत उटायची, सायेब. तिला द्याला माज्याकडं दुसरं काय हुतं?" नेहमी ओरडून बोलणारा माणूस, पण हे मला कसंबसं ऐकू आलं. त्यानंतर त्यांनी टीव्हीवर कबड्डी लावली नाही.

यंदा अण्णा गेले. कापसाच्या धुळीनं छाती खाल्ली होती. दहाव्याला मी घरी गेलो. पद्मा एक पाय लांब पसरून विड्या वळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "सायेब, परत येशील म्हनून ते कबड्डीवाले खरंच म्हनले हुते न्हवं?"

नाही म्हणावं, तर बाप खोटा ठरत होता, आणि तोही दहाव्याच्या दिवशी. मी हो म्हणालो.

"मंग मीच कमी पडले," ती म्हणाली आणि पुढचं पान घेतलं.