मामांची ताडी आणि दामूचा क्लॅरिनेट

हातातला ग्लास कोणत्या सुराबरोबर प्यायचा, याची काळजी करणारा माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात एकच निपजला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला मामा निघाला. गोष्ट नव्वदीतली. धसईच्या अलीकडे रस्त्याला लागून मामांचं परवान्याचं ताडीचं दुकान होतं. दुकान म्हणजे पेंढ्याने शाकारलेला मांडव, चार बाकडी, शिंदीच्या झाडांवरून सकाळी उतरवलेल्या ताडीचा मोठा माठ, आणि टोकाला शेणाने सारवलेला वीतभर उंचीचा ओटा. त्या ओट्यावर वाजवणारा बसायचा. मामा स्वतः पीत नसत. दर तासाला चमचाभर ताडी जिभेवर घ्यायची, थुंकायची, आढ्याकडे बघायचं आणि निकाल द्यायचा. सकाळची ताडी गोड, तिला बासरी. दहाची जरा आंबूस, तिला क्लॅरिनेट. बाराची डोक्यात जाणारी, तिला ढोलकी. "तीननंतरची ताडी नाय, ते भांडण असतं," असं म्हणून ते चारच्या आत मांडव झाडून घेत. बासरीच्या वेळेला कोणी बाराची मागितली, तर ते त्या माणसाकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघत.

वाजवणं चालू असताना बोललेलं त्यांना खपत नसे. एकदा एक एसटीचा ड्रायव्हर ढोलकी चालू असताना शेजाऱ्याला गाडीचा क्लच कसा घसरतो ते समजावून देत होता. मामांनी त्याच्या हातातला अर्धा ग्लास काढून घेतला आणि म्हणाले, "कान घरी ठेवून आलास, तर तोंड पण घरीच उघड." मी शाळामास्तर, चहापलीकडे न गेलेला. पण नवा जावई म्हणून मलाही एका सकाळी ओट्यासमोर बसवलं, ग्लास दिला, बासरी लावली. संपल्यावर विचारलं, "काय वाटलं, जावयबापू?" मी म्हणालो, "गोड." "काय गोड? ताडी का बासरी?" मला काही सांगता येईना. मामा इतके खूश झाले, की पुढे वर्षभर येईल त्याला सांगत होते, "आमच्या जावयाला फरक कळला नाय. असं पायजे."

दहाच्या ताडीचा मानकरी होता दामू. तो लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा आणि लग्नं नसली की मामांच्या ओट्यावर. बसण्याआधी त्याने एक ग्लास घ्यायचा, हा मामांचाच नियम. वाजवणाऱ्याला चव माहीत नसेल तर सूर कसा जुळणार, असं त्यांचं म्हणणं. त्या एकाचे तीन झाले, तिनाचे सहा. मामा डोळे मिटून ऐकत, त्यामुळे ग्लास त्यांनी मोजले नाहीत.

एका रविवारी मी तिथे असताना दामूची बायको आली. मांडवात बाईमाणूस कधी येत नसे. ती मामांना म्हणाली, "मामा, तुमच्याकडं तो वाजवतो. आमच्याकडं येतो तो नुसता पडतो. परवा दारात पोरगी उभी होती, तर तिला इचारतो, तू कोनाची गो?" एवढंच बोलून ती गेली. रडली नाही, भांडली नाही. मामा त्या दिवशी ताडी चाखायची विसरले.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेलो. वीस-पंचवीस माणसं बसलेली. दामू आला आणि सवयीने माठाकडे वळला. मामांनी माठावर झाकण ठेवलं.

"आधी वाजव."

"एक तरी द्या, मामा."

"नाय."

दामूने क्लॅरिनेट जोडला. बोटं इतकी कापत होती, की पहिला सूर पायाखाली सापडलेल्या कोंबडीसारखा निघाला. लोक हसले. मामा उठून म्हणाले, "दामूचा सूर लागंपर्यंत कोनालाच ग्लास नाय."

आधी लोकांना गंमत वाटली. अर्धा तास गेला, तासही गेला. ऊन मांडवात शिरलं, माठातली ताडी आंबत चालली आणि माणसंही. दामू दोन सूर वाजवायचा, थांबायचा, बाहीने घाम पुसायचा. शेवटी बाजाराला भात घेऊन आलेला एक दांडगा व्यापारी उठला. "आमी काय भजनाला आलोय?" म्हणत त्याने झाकणावर हात ठेवला. मामा हाडकुळे, ते जाऊन माठाला पाठ लावून उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. शौर्य नव्हतं ते. पण बसून राहणं बरं दिसलं नसतं. मागच्या बाकावरचे आणखी चौघे उठून व्यापाऱ्याच्या बाजूने उभे राहिले. दामूने ते पाहिलं आणि क्लॅरिनेट खाली ठेवून तो निघाला. मांडवाच्या मेढीपाशी त्याची बायको उभी होती, कधी आली कोण जाणे. ती बाजूला झाली नाही.

मामा व्यापाऱ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "दामू, वाईट वाजव. पन वाजव."

दामू परत ओट्यावर बसला. वाईटच वाजवलं आधी. मग सूर कुठेतरी सापडला आणि त्याने नवरी सासरी निघताना वाजवतात ती चाल धरली, नेहमीपेक्षा कितीतरी संथ. मध्ये दोनदा तुटली. तुटली तिथून पुन्हा उचलली. व्यापाऱ्याचा हात झाकणावरच राहिला, पण ते उघडायचं त्याला सुचलं नाही. चाल संपल्यावर त्यानेच खालच्या आवाजात विचारलं, "मामा, ह्याच्याबरोबर कंची ताडी?"

"ह्याच्याबरोबर कायच लागत नाय," मामा म्हणाले, आणि अख्खा माठ त्यांनी मांडवामागच्या आंब्याच्या बुंध्याशी ओतला.

त्यानंतर मामांनी परवाना पुन्हा काढला नाही. दामू काही एका दिवसात सुधारला नाही, दोनदा घसरला. मामा रोज सकाळी त्याच्या ओटीवर जाऊन बसत, आणि त्याने वाजवल्याशिवाय उठत नसत. गिऱ्हाइकं शहापूरकडे हायवेवरच्या बिअर बारात गेली. तिथे टेप लावतात हे कळल्यावर मामा एवढंच म्हणाले, "टेपला काय माहीत, कोन काय पितंय."

शेवटचे भेटले ते बऱ्याच वर्षांनी, मुरबाडच्या एसटी स्टँडवर. तोवर त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. आदल्या दिवशी जत्रेत दामूने क्लॅरिनेट वाजवला होता. मामा पहिल्या रांगेत बसले होते, मी मागे होतो. स्टँडवरच्या बाकावर त्यांनी मला शेजारी ओढलं. "त्याची बोटं दिसत होती मला. ऐकू कायच आलं नाय. तुमी ऐकलात ना? कसा वाजवला?"

"चांगला," मी ओरडून सांगितलं.

"चांगला म्हंजे कसा? नीट सांगा की."

मला सुरातलं ओ की ठो कळत नाही. तरी जमेल तसं सांगत गेलो, कुठे तो हळू झाला, कुठे वर गेला, कुठे लोक उठून उभे राहिले. मामा डोळे मिटून, माझ्या तोंडाशी कान आणून बसले होते. त्यांची धसईची गाडी लागली, भरली आणि सुटलीही. मी त्यांना सांगितलं नाही.