नसलेली खडखड

चाळीत नळावर भांडण झालं की साक्षीला मला बोलवत. ‘हिला विचारा, ही खोटं बोलायची नाही,’ असं माझी आई सोडून सगळ्या बायका म्हणायच्या. आई मला जास्त ओळखत होती. या नावलौकिकाचा मी आयुष्यात एकदाच पुरेपूर फायदा उठवला, आणि तोही माझ्या वडिलांवर. इतक्या वर्षांनी ते लिहायला बसले तरी कानशिलं तापतात.

आम्ही घाटकोपरला, असल्फ्याच्या अलीकडे राहायचो. बाबा गिरणीत साचेखात्यात फिटर होते. तिथे शेकडो माग एकदम चालायचे, शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे करावे लागायचे. दहा-पंधरा वर्षं त्यात काढली की माणसाचे कान जातात. बाबांचे मित्र घरी आले की त्यांची गुपितंसुद्धा अख्ख्या मजल्याला कळायची. बाबांचे कान मात्र शाबूत होते. कामावर ते कापसाचे बोळे घालायचे आणि त्यावरून लोक त्यांना ‘नवरी’ म्हणायचे. बाबांना त्याचं काही वाटायचं नाही. ‘हसा, हसा. म्हातारपणी बायको काय बोलते ते मलाच ऐकू येणार,’ असं म्हणायचे. आई म्हणायची, ऐकू येऊन तरी काय उपयोग.

त्या कानांवरच त्यांची फिटरकी चालायची. एक लांब स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक चालू यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. बाकीचे लोक माग उघडून दोष शोधायचे, बाबा ऐकून सांगायचे. चाळीतले पंखे, मिक्सर, शिलाई मशीनं, सगळ्यांना तोच स्क्रूड्रायव्हर लागायचा. एरवी ते मुंबईचं मराठी बोलायचे, पण यंत्राला कान लावला की मालवणीत जायचे. ‘बेअरिंग रडता,’ असं पुटपुटायचे आणि बेअरिंग खरंच गेलेलं असायचं.

संपानंतर गिरणीनं त्यांना परत घेतलं नाही. मग त्यांच्या हाताखाली रोजचं यंत्र म्हणून उरली फक्त आमची स्कूटर. ती त्यांनी कधीकाळी एका सुपरवायझरकडून जुनीच घेतली होती आणि खिळा न् खिळा सोडवून पुन्हा जोडली होती. रंग फिकट निळा, डावीकडचं झाकण हिरवं, कारण ते दुसऱ्याच गाडीचं होतं. सकाळी तिला कुशीवर झोपवायची, पेट्रोल उतरू द्यायचं, मग उभी करून किक मारायची. ही कला फक्त बाबांना यायची. आम्ही कुणी किक मारली तर ती नुसती खोकायची.

मी तेव्हा अंधेरीला, एमआयडीसीतल्या एका कंपनीत टायपिस्ट होते. रोज सकाळी बाबा मला स्कूटरवरून सोडायचे. सहाला उठून दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि आईला सांगायचे, ‘ड्युटीवर जाऊन येतो.’ माझी ड्युटी नव्हे, त्यांची. साकीनाक्याच्या पुढे गाडी हमखास एकदा बंद पडायची. बाबा खूष व्हायचे. रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून स्क्रूड्रायव्हर काढायचे, आणि मी पदर सावरत उभी राहायचे. ऑफिसच्या गेटवर पोचल्यावर मी आत जाईपर्यंत ते थांबायचे आणि हात हलवायचे. मी सव्वीस वर्षांची होते. वॉचमन मला ‘बेबी’ म्हणायला लागला होता.

त्याच सुमारास बिनगिअरची, बटण दाबलं की सुरू होणारी स्कूटर निघाली. ऑफिसातल्या आम्ही चौघींनी चेष्टा चेष्टा करत नंबर लावले. माझा लागला. ठरावीक दिवसांत कळवा, नाहीतर नंबर पुढच्याला जाईल, असं पत्र आलं. त्या रात्री मी अंथरुणात पडल्या पडल्या ती गाडी अंधेरीपर्यंत चालवली आणि परत आणली.

बाबांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “दोन गाड्या ठेवायच्या कुठे?” चाळीत जिन्याखाली घरटी एकच गाडी ठेवता यायची. “आणि बटणाची गाडी म्हणजे खेळणं गं. आपलीला बोअर करून नवा पिस्टन टाकला की अजून दहा वर्षं बघायला नको.”

“बाबा, रोज बंद पडते ती.”

“बंद पडते आणि सुरूपण होते ना?”

मला सरळ सांगता आलं असतं की मला गाडी नको, मला एकटीनं जायचं आहे. पण ते म्हणजे त्यांच्या ड्युटीवर पाय देणं होतं. ते म्हणायला माझी जीभ रेटेना. आता वाटतं, तेच बोलले असते तर ते दोन दिवस गप्प बसले असते आणि तिसऱ्या दिवशी मला हँडल धरायला शिकवलं असतं. पण मला भलं दिसायचं होतं. स्वतःचं मागायचं नाही, आणि मिळवायचं मात्र होतं.

शेवटी बाबांनीच तोड काढली. “रविवारी मिस्त्रीला दाखवू. तो म्हणाला इंजिनात दम आहे, तर नंबर सोडायचा. संपली म्हणाला, तर संपली.”

मिस्त्री म्हणजे डेपोजवळचा गॅरेजवाला. बाबांचं आणि त्याचं मेतकूट होतं. शुक्रवारी ऑफिसातून येताना मी परस्पर त्याच्याकडे गेले आणि गाडी संपली असं सांगा म्हणून गळ घातली. बाबांची पाठ दुखते, चढावर गाडी ढकलतात, हे सगळं सांगितलं. पाठ खरंच दुखायची, त्यामुळे मला माझंच बोलणं पटत होतं.

मिस्त्री हात पुसत म्हणाला, “ताई, काकांना गंडवणं म्हणजे खायचं काम नाय. ते माझ्यापेक्षा भारी ऐकतात ना यार. त्यांचा कान म्हणजे मशीन आहे.”

“तुम्ही सांगा तर. त्यांच्याच भल्यासाठी आहे.”

त्यानं जरा विचार केला. “मग गाडी मला द्यायला लावा. मेव्हण्याला पाहिजेच आहे एक.”

संपलेली गाडी याच्या मेव्हण्याला कशी चालणार, हे मी विचारलं नाही. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं गॅरेजात उभे राहिलो. मिस्त्रीनं गाडी चालू केली, वाकून ऐकल्यासारखं केलं आणि मान हलवली. “काका, वाट लागली. क्रँक गेला. खडखड येते बघा आतनं. बोअर-पिस्टन करून काय फायदा नाय. कुठंतरी चढावर इंजिन जाम होणार, आणि मागं ताई बसलेली असणार.”

बाबांनी स्क्रूड्रायव्हर काढला. टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला, डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. मग दुसऱ्या जागी लावून ऐकलं. मग कान बदलला. त्यांनी कान बदललेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

“मला नाही येत खडखड,” ते म्हणाले.

“बारीक आहे काका, पण आहे,” मिस्त्री म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता.

बाबांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. “तू बघ. तुझे कान तरणे आहेत.”

मी टेकवला. आतला आवाज थेट हाडात शिरला. एकसारखा, भरीव, जेवून निवांत झोपलेल्या माणसाच्या घोरण्यासारखा. खडखड औषधालासुद्धा नव्हती. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की बाबांना या गाडीत काय ऐकू येत असेल.

“तुका येता गो?” बाबांनी विचारलं. मालवणीत विचारलं.

“हो बाबा,” मी म्हटलं, “येते. खडखड येते.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. संशयानं नाही. नळावरच्या बायका ज्या खात्रीनं बघायच्या तसंच. मग त्यांनी उजव्या कानात करंगळी घालून हलवली, खिशातला रुमाल काढून स्क्रूड्रायव्हर पुसला आणि म्हणाले, “म्हणजे आमचेपण गेले तर.”

मला आधी कळलंच नाही की ते कशाबद्दल बोलताहेत. मी गाडीच्या निकालाची वाट बघत होते, आणि त्यांनी कानांचा निकाल लावून टाकला होता. अख्ख्या साचेखात्याचे गेले, माझेच तेवढे कसे राहतील, असं ते गाडी मिस्त्रीकडेच सोडून परत येताना चालत चालत म्हणाले. तिथल्या तिथे पाय धरून सांगायला हवं होतं. मी मनात गाडीचा रंग ठरवत होते. ही लाज मला सगळ्यांत जास्त छळते. खोटं बोलण्याची नाही तितकी त्या रंगाची.

मी लाल ठरवला. तो मिळाला नाही, पांढरी आली. झकास होती, खोटं कशाला बोलू. दोन रविवारांत मी शिकले आणि एकटी अंधेरीला जायला लागले. बाबा पहिले काही दिवस दाढी करून गॅलरीत उभे राहायचे. मग दाढी एक दिवसाआड झाली.

शेजारणी मिक्सर घेऊन आल्या की ते म्हणायचे, “बाहेर दाखवा. माझे कान गेले.” टीव्हीच्या बातम्या लागल्या की आवाज वाढवायला सांगायचे. आई वैतागायची. “कुठं गेलेत तुमचे कान? मी मागच्या दाराला डब्यातनं शेंगदाणे काढले तरी हाक मारता, एकटीच खातेस काय म्हणून.” पण बाबांनी ते मनावर घेतलं ते घेतलंच. आणि हळूहळू ते मोठ्यानं बोलायला लागले. बाकीच्या गिरणीवाल्यांसारखे. ऐकू येत होतं सगळं, पण येत नाही असं ठरल्यावर माणूस तसा वागायला लागतो.

वर्षभरानं त्यांचे एक जुने सोबती आले. साकीनाक्याला एका शेडमध्ये वीस-पंचवीस माग बसवले होते, मालकाला ऐकून दोष सांगणारा फिटर हवा होता. “तुझंच नाव सांगितलं रे,” ते ओरडून म्हणाले. बाबांनी आधी चहा दिला आणि मग नाही म्हटलं. “बहिरा फिटर घेऊन काय करणार तो?”

मी पोळ्या लाटत होते. आता बोलायचं, असं मी स्वतःला सांगितलं. बाबांना सांगायचं तर मिस्त्रीचं सांगायचं, मिस्त्रीचं सांगायचं तर शुक्रवारचं सांगायचं, आणि मग मी कोण उरते? पाहुण्यांसमोर कशाला, ते गेल्यावर सांगू, असं ठरवलं. ते गेले. बाबा कप विसळायला आत आले, मला म्हणाले, “पोळी करपते आहे. वास आला,” आणि हसून, “नाक आहे अजून.” मी पोळी उलटली.

त्यानंतर कधीतरी, एका संध्याकाळी, मी बाबांना डॉक्टरांकडून घरी आणत होते. पाठीसाठी गेलो होतो. ते माझ्या मागे बसायचे तेव्हा स्टेपनीला घट्ट धरून बसायचे. चढाच्या आधी गर्दीत आम्ही थांबलो होतो आणि मी इंजिन बंद केलं होतं. मागून रिक्षा, ट्रक, बस, सगळ्यांचा गोंगाट चालला होता. त्यात बाबांची बोटं माझ्या खांद्यावर रुतली.

“आपली गो,” ते म्हणाले. “आपली येता.”

मी वळून पाहिलं. दोन बसच्या मधून एक लाल स्कूटर येत होती. पुढे एक पोर उभं, चालवणारा माणूस, मागे त्याची बायको, तिच्या मांडीवर दुसरं पोर. लाल रंग नवा होता, दोन्ही झाकणं एकाच रंगाची. ती आमच्या बाजूनं गेली आणि चार माणसं घेऊन असल्फ्याचा चढ एका दमात चढायला लागली. नंबरप्लेट मला स्पष्ट दिसली. तो नंबर मी झोपेतही सांगितला असता.

बाबांनी चष्मा आणला नव्हता. “रंग लाल आहे ना?” ते डोळे बारीक करून म्हणाले. “पण आवाज आपला आहे. नंबर बघ गं. काय आहे नंबर?”

देवानं इतकी सोपी संधी फार थोड्यांना दिली असेल. चार आकडे म्हणायचे होते. ते म्हटले असते की त्यांचे कान त्यांना परत मिळाले असते, आणि साकीनाक्याची शेड तिथून फार लांब नव्हती.

“नाही बाबा,” मी म्हटलं. “दुसरीच आहे.”

त्यांची बोटं खांद्यावरून सुटली. स्कूटर वर पोचून दिसेनाशी झाली, तरी थोडा वेळ ते मान तिकडे करून होते.

“असेल,” ते म्हणाले. “माझ्या कानांचं काय खरं. त्या दिवशी तू होतीस म्हणून बरं झालं गं. नाहीतर मी हट्टानं तीच चालवली असती आणि कुठंतरी पाडलं असतं तुला.”

हे त्यांनी इतक्या मोठ्यानं म्हटलं की शेजारच्या दोन रिक्षांतली माणसं आमच्याकडे वळून बघायला लागली. मला भयंकर लाज वाटली.

“बाबा, हळू बोला ना,” मी म्हटलं.

ते एकदम ओशाळले. मग माझ्या कानाजवळ तोंड आणून, अगदी बारीक आवाजात म्हणाले, “मोठ्यानं बोललो काय? मला कळत नाही गं आता. तू सांगत जा.”