मिसरीची डबी

दंतवैद्यकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीचा पसंतीक्रमाचा फॉर्म संध्याकाळी पाचला बंद होणार होता. हर्षालीने पहिल्या क्रमांकावर तारांचा विभाग टाकला होता, म्हणजे वाकडे दात सरळ करण्याचा. आई उज्वला सगळ्या कॉलनीला सांगून मोकळी झाली होती. हर्षालीचे कारण वेगळे होते. ते तिने कुणालाच सांगितले नव्हते. तारा लावून कुणी मरत नाही.

आपल्या चुकीने कुणी मरेल, ही भीती आठवड्यापूर्वी घरातच उभी राहिली. सिन्नरहून राहायला आलेली विमलामावशी सकाळी मागच्या पायरीवर बसून, डबीतली काळी पूड बोटावर घेऊन दातांना चोळत होती.

"मावशी, सोड की तो तंबाखू!"

"तंबाखू? मी कधी तंबाखू खाल्लाय का गं? ही मिसरी. दात घासते मी. डॉक्टर झालीस म्हणून काय आता दातही घासायचे नाहीत का?"

आई हसली. हर्षालीच्या हातातला कप मात्र कलंडला. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, हे मावशीलाच ठाऊक नव्हते.

मग तिला सुरगाण्याचे दंततपासणी शिबिर आठवले. पाच महिन्यांपूर्वी, इंटर्नशिपमध्ये, समोर रांग लागलेली असताना तिने चंद्रभागा नावाच्या बाईंना विचारले होते, "तंबाखू खाता का?" बाई म्हणाल्या होत्या, "नाय खात." हर्षालीने कार्डावर 'नाही' लिहिले, दुखरी दाढ पाहिली, गोळ्या दिल्या आणि पुढचा नंबर पुकारला. पण बाईंच्या हिरड्या काळपट होत्या, हे आता तिला लख्ख दिसत होते. खालचा ओठ उलटून तिने पाहिलाच नव्हता.

तिने त्या गावात आरोग्याचे काम पाहणाऱ्या आशाताईंना फोन लावून बाईंना घेऊन यायला सांगितले. रात्री झोप लागेना. आरशासमोर उभी राहून ती स्वतःचाच ओठ उलटून बघायची.

आज फॉर्मचा शेवटचा दिवस, आणि आजच आशाताई चंद्रभागाबाईंना घेऊन डेंटल कॉलेजात पोचल्या. सकाळच्या जीपने निघाल्या होत्या. हर्षाली दारातच उभी होती.

"पोरी, दाढ तर कवाच बरी झाली. कशाला बोलावलंस?"

"मिसरी लावता का, आजी?"

"लावते की. दिसातनं तीनदा. त्याबिगर पोट साफ व्हत नाय."

हर्षालीने हातमोजे घातले. एक उलटाच गेला, तो काढून पुन्हा घातला. ओठ हळूच उलटला. आत, हिरडीलगत, अंगठ्याच्या नखाएवढा पांढरा चट्टा होता. पुसून निघेना. कॅन्सरची सुरुवात अशीही होते, हे तिला ठाऊक होते.

"दुखतं?"

"नाय. तिखट लागलं की चुरचुरतं, लय नाय." बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिले. "तुलाच घाम फुटलाय की गं!"

तोंडाच्या रोगांचे निदान करणाऱ्या विभागात सरांनी चट्ट्यावरून बोट फिरवले. मधे एका जागी ते थांबले.

"इथे टणक लागतंय. सोमवारी तुकडा काढून तपासू."

"सर, मी पाच महिन्यांपूर्वीच..."

"तेव्हा किती होता, ते आता कसं कळणार?" सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. "पुढच्या वेळी नाव घेऊन विचारायचं. मिसरी का, मशेरी का, तपकीर का. आणि उत्तर काहीही आलं तरी ओठ उलटायचा."

साडेचार वाजले होते. ती जिन्यात बसली आणि मोबाईलवर फॉर्म उघडला. सरांचा विभाग बाराव्या क्रमांकावर होता. वर्गातली मुले म्हणत, तिथे पेशंट कमी आणि माशा जास्त. तारांच्या विभागात हा ओठ पुन्हा कधी उलटावा लागला नसता. सोमवारी काढलेल्या तुकड्याचा अहवालही दुसऱ्याच कुणीतरी वाचला असता.

तिने बारावा पर्याय उचलून पहिल्या जागी ठेवला. बोट घामाने निसटत होते, तरी निवड कायम करण्याचे बटण दाबले.

लगेच आईचा फोन. "केलंस का गं? तारांचंच ना?"

"नाही. तोंडाच्या रोगांचं."

"अगं, रक्त पाहून, रोग पाहून घाबरतेस तू. झेपणार आहे का?"

"घाबरते," हर्षाली म्हणाली. "आत्ताही घाबरलेय. आई, मावशीला फोन दे."

"ती मागच्या पायरीवर बसलीय, डबी घेऊन."

"तशीच दे. आणि सोमवारी तिला माझ्याबरोबर इकडे पाठव."