जाळीबाहेरची फांदी

ताईला जाऊन आता आठ महिने झाले आणि मी अजून तिच्या तुतीवर चिडलेली आहे.

डोंबिवलीच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आम्ही दोघी बहिणी तीस वर्षं राहिलो. ती शाळेत शिकवायची, मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायचे. झाडं तिची, पुस्तकं माझी. तिची फुप्फुसं थकली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, घराजवळ कबुतरं नकोत. मी दुसऱ्याच दिवशी माणूस बोलावून गॅलरीला जाळी लावून घेतली.

"मला पिंजऱ्यात घातलंस," ताई म्हणाली.

"अगं, कबुतरांना बाहेर ठेवलंय."

"तेच ते."

कबुतरं थांबली, पण गॅलरीच मुकी झाली. ताईची कॉट दिवाणखान्यात गॅलरीसमोर होती. दिवसभर बघायला काहीतरी हवं, म्हणून तिने खडवलीच्या मामेभावाकडून तुतीची फांदी मागवली. तुती लागली की बुलबुल आपणहून येतो, असं तिचं म्हणणं. मी माझ्या सवयीप्रमाणे पुस्तकं काढली. पक्ष्यांना कोणती फळं आवडतात, ऊन किती लागतं, कुंडी किती खोल हवी, सगळं वहीत उतरवलं.

"तू यादी पुरी कर," ताई म्हणाली, "तोवर मी लावते." आणि रंगाच्या रिकाम्या डब्यात तिने ती फांदी खोचली. स्टुलावर बसून, धापा टाकत.

फांदी जगली. ऊन, पाणी, खत, सगळ्यावर आम्ही वाद घातले. पण जाळीतून पक्षी आत कसा येणार, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. जाळी इतकी अंगवळणी पडली होती की दिसतच नव्हती.

पहिल्या वर्षी फळ धरलं नाही. ताई म्हणाली, "थंडी सरत आली की सगळी पानं ओरबाडून काढ, शेंडे खुड. दया दाखवू नकोस. बोडकं झालं की मगच धरतं ते." मग श्रावणात ती गेली. माघात मी एकटीने पानं ओरबाडली. हात धजत नव्हता. पंधरा-वीस दिवसांत प्रत्येक पेरातून पालवी फुटली आणि पालवीबरोबर हिरवी, केसाळ फळं. ती लाल झाली, मग काळी होऊ लागली.

आणि बुलबुल आला. डोक्यावर तुरा, शेपटीखाली लाल. येऊन थेट जाळीवर आपटला. नखांनी दोरे धरून क्षणभर लटकला, आतल्या तुतीकडे पाहिलं आणि उडून गेला. आणखी दोनदा आला. मग आलाच नाही.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. इतकी शिकलेली बाई मी, दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात जन्म गेला. कात्री घेऊन जाळीपाशी उभी राहिले. ज्या फुप्फुसांसाठी ती लावली होती, ती आता नव्हती. तरी हात चालेना. समोरच्या एसीवर कबुतरांची जोडी वाटच बघत बसली होती. शेवटी जाळीवाल्याला फोन केला.

"मावशी, भोक पाडाल तर पहिलं कबूतरच येणार," तो म्हणाला. "त्याला पण डोंबिवलीत घर पाहिजे ना!"

मग मी एक बारीक, लांब फांदी निवडली, तिची पानं काढली आणि जाळीच्या एका चौकटीतून अलगद बाहेर सारली. हिरवी फळं तेवढी ठेवली. ती बाहेरच पिकली. रोज सकाळी चहा घेऊन मी बसायचे. कोणी येत नसे. अंघोळीला जाऊन यावं तर दोन फळं कमी. पण पिकलेली तुती आपसूकही गळते. खाल्ली की पडली, कळायचं कसं? पंधरा दिवस मी हेच करत होते. एकदा तर ताईच्या रिकाम्या कॉटकडे बघून मोठ्याने म्हणाले, "येतो म्हणालीस ना आपणहून?"

काल खालच्या मजल्यावरची सूनबाई दार वाजवत आली. हातात पांढरी चादर.

"मावशी, हे बघा! सकाळीच धुतलेली. तुमच्या झाडाने वाट लावली. आता हे डाग जाणारेत का?"

मी चष्मा लावला. फळ पडलं असतं तर नुसतं जांभळं फरफटलं असतं. इथे जांभळ्याच्या कडेने पांढरं होतं आणि मध्ये बारीक बिया. चार ठिकाणी.

"ही शीट आहे," मी म्हणाले. "बुलबुलाची."

"मग? बुलबुलाची म्हणून फ्रेम करून लावू का?"

"मी धुऊन देते."

"धुऊन काय, ती फांदी आत घ्या आधी!"

सहसा मी कोणाशी वाद घालत नाही. पण फांदी आत घेणार नाही म्हणाले. फळं संपेपर्यंत त्यांच्या चादरी माझ्या गॅलरीत, जाळीच्या आत वाळत घालाव्यात, असं सुचवलं. तिने माझ्या गॅलरीकडे नजर टाकली. मग म्हणाली, "सगळ्या? आमच्याकडे सहा माणसं आहेत."

"सगळ्या."

आज सकाळपासून गॅलरीत त्यांच्या तीन चादरी आणि एक सोलापुरी चटई लटकली आहे. फांदी पार झाकून गेली. चहा घेऊन मी ताईच्या कॉटवर बसले, तर चादरींपलीकडून बुलबुल बोलला. अगदी जवळून. मी उठून चादरीची कड जराशी सारली, तर भुर्रकन उडाला. बाहेरची फांदी तेवढी हलत होती.

कड परत सारखी केली आणि बसले. चहा निवला तरी तो परत आला नव्हता.