जाऊबाईंचा कोरडा झाडू

मी आळशी. हे मी म्हणत नाही, आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणतात, गेली तीस वर्षं. आणि खरंच आहे ते, उगाच खोटं कशाला बोलू?

आम्ही दोघी पाडकामावर झाडलोट करायचो. पुरुष जुन्या इमारतींचे सिमेंटचे पत्रे हातोड्याने फोडायचे, राखाडी भुकटी उडायची, आणि मागे आम्ही. जाऊबाई तोंडाला फडकं बांधून कोपरान् कोपरा झाडायच्या. त्यांनी झाडलेल्या खोलीत बोट फिरवलं तर बोट कोरं. मुकादम सगळ्यांना बोलावून दाखवायचा. मी मात्र आधी बादलीभर पाणी ओतायचे. धूळ बसली की फावड्याने चिखल ओढायचा, कोण दिवसभर कंबर मोडणार? जाऊबाईंच्या रागाचा पारा चढायचा.

"चिखल करून ठेवलास. कामचुकार कुठली," असं मुकादमासमोर म्हणायच्या.

"तुमचं तुम्ही झाडा बाई, मला बक्षीस नकोय," मी म्हणायचे. पण झोंबायचं.

आता जाऊबाईंना एक जिना चढवत नाही. डॉक्टर म्हणाले, त्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस होतं, त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू छातीत रुतून बसलेत, इतक्या वर्षांनी त्रास देतायत. फडक्याने ते अडत नाहीत. "कोरडं झाडायलाच नको होतं, भिजवून उचलायचं असतं," ते म्हणाले. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, तीस वर्षं वाट बघत होते की. पण नाही वाटलं. मी काय शहाणपणाने पाणी ओतत होते? आणि तिथली हवा मीही खाल्लीच; माझ्याही छातीचा फोटो दरवर्षी काढायचा आहे.

परवा त्यांची सून आली, हातात नवा झाडू. जुन्या दवाखान्याच्या दुरुस्तीवर तिला काम मिळालंय.

"आई, मला तुमच्यासारखं झाडायला शिकवा. मुकादम अजून तुमचं नाव काढतो."

मी जाऊबाईंकडे पाहिलं. या बाईकडे आयुष्यात मिरवायला एवढं एकच होतं, ते तिने आपल्या हाताने कसं मोडावं? आणि मोडलं नाही तर ही पोरगी उद्या तशीच झाडणार.

जाऊबाईंनी झाडू हातात घेतला, तोलून पाहिला. बोलण्याआधी दोनदा श्वास घ्यावा लागला.

"माझ्यासारखं नको. काकूंकडून शिक."

सून हसली, तिला थट्टा वाटली. जाऊबाई हसल्या नाहीत.

"पत्रे फुटत असतील तर आत पाऊल टाकू नकोस. मुकादमाला आधी विचार, चांगला मास्क देतोस का. नाही म्हणाला तर सरळ घरी ये." मग माझ्याकडे वळल्या. "ऊठ गं. बादली भरून आण, हिला दाखव."

तीस वर्षांत पहिल्यांदा मी एका हाकेत उठले.